घरमालकांनी वाचलेल्या कादंबऱ्या

माझ्या बायकोनं सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या सांगण्यावरून एकही कादंबरी वाचली नाही. आमच्या घरमालकांच्या सांगण्यावरून तिनं आठ महिन्यांत एकोणीस वाचल्या. मी मोजल्या. मोजायचं तसं काही कारण नव्हतं.

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि एका मासिकात दर महिन्याला नव्या कादंबऱ्यांवर दोन पानं लिहितो. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, "सर, सध्या काय वाचू?" घरमालक सातवीपर्यंत शाळेत गेलेले. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला ट्रकचं वजन करायचा काटा असतो, तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. गाडी काट्यावर चढली की आकडा लिहायचा, पावती फाडायची आणि पुढची गाडी येईपर्यंत कादंबरी वाचायची. साहित्याचं त्यांचं शिक्षण एवढंच. तेव्हा त्यांच्याविषयी माझ्या मनात निव्वळ आदर आहे असं मी म्हणणार नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

आमची मीरा रोडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षांसाठी भाड्याचं घर शोधायची वेळ आली. माझी पुस्तकं बघून दोन मालकांनी नकार दिला, स्लॅबवर भार पडेल म्हणून. भाईंदर पूर्वेला खारीगावात यांची चार मजली बिल्डिंग होती. आजोबांची मिठागरं होती, ती गेली. जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर ही बिल्डिंग उभी राहिली. बायको वारलेली, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. तळमजल्यावर एकटेच राहायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो.

सामान आलं त्या दिवशी ते अर्धी चड्डी आणि बनियन घालून जिन्यात उभे होते. पुस्तकांचे खोके एकामागून एक वर चाललेले. असे खोके बघितले की लोक एकच प्रश्न विचारतात, "एवढी सगळी वाचलीत?" त्याचं एक मजेशीर उत्तर मी पाठ करून ठेवलेलं आहे. यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. एका खोक्यावर थाप मारून म्हणाले, "सर, ह्यातली कुठली माणसं अजून येतात तुमच्याकडं?"

"म्हणजे?"

"म्हंजे वाचून झाल्यावर. माझ्याकडं एक पोस्टमनची बायको येते. धा-बारा वर्षं झाली. भाजी निवडायला बसलो की येते."

मी हसलो. बायको हसली नाही. ती म्हणाली, "ती काय करते हो, आल्यावर?"

"काय न्हाय. बसते. नवऱ्याची वाट बघते."

ही तिची आणि त्यांची ओळख. मी तिथंच उभा होतो.

त्यांची वाचायची जागा म्हणजे आमच्या दाराबाहेरचा जिन्याचा टप्पा. तिथल्या जाळीतून खाडीचा वारा येतो. तळमजल्यावर वाचलं तर डुलकी लागते म्हणायचे. चार वाजता लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर यायचे आणि सहाला उठायचे. बायको केबिन रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, ती तीनला घरी यायची. मी कॉलेजातून दोनला येऊन आडवा झालेला असायचो. चारच्या सुमारास ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर जायची. तिसरा कप झाकून ओट्यावर ठेवलेला असायचा, माझा.

पुस्तकं ते केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडून आणायचे. एकदा मी बरोबर गेलो होतो. मी नावं वाचत होतो, ते नुसतं चाळत होते.

"भैया, ये कब से पडा है?"

"दो-तीन महिना हो गया, चाचा. कोई उठाता नहीं."

"तो इसको ले जाता हूँ. बिचारा कब से खडा है."

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालणं. मला वाटलं पुस्तक जपायला. तसं नव्हतं. लेखकाचा फोटो आणि नाव दिसू नये म्हणून. "फोटो दिसला की सारखा तोच बोलतोय असं वाटतं. माणसांना बोलू देत न्हाय," म्हणायचे. त्यामुळे त्यांना एकाही लेखकाचं नाव सांगता येत नसे. पुस्तकांची नावंही नाहीत. एक होती "ती पोस्टमनच्या बायकोची", एक "घोड्यांची", एक "तो आईला शोधतो ती". माझं सगळं ज्ञान या नावांचंच. कुणाची कुठली कादंबरी, आधी कुठली, नंतर कुठली, कुणावर कुणाचा प्रभाव. त्या जिन्यात यातल्या कशालाच काही भाव नव्हता.

आणि एक सवय होती. ज्या कादंबरीत लहान मूल दगावतं ती ते तिथंच बंद करायचे, पहिल्या कोऱ्या पानावर पेनानं लिहायचे, "पोर मरतं. सांभाळून." आणि पुस्तक रद्दीवाल्याला परत द्यायचे. पुढे कुणी घेईल त्याच्यासाठी. मला ही विक्षिप्तपणाची हद्द वाटायची. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी ती गंमत म्हणून सांगितली होती आणि सगळे हसले होते.

मी दाराआड पडून ऐकायचो. झोपलोय असं बायकोला वाटायचं. ते वाचलेलं सांगायचे ते गावातली बातमी सांगावी तसं.

"वहिनी, ती खुनाची संपली. खून कुणी केला ते मना तिसऱ्या पानावरच कळलं. पण मेलेल्याचं कुत्रं कुणी नेलं ते शेवटपर्यंत न्हाय सांगितलंन. दोन दिस झाले, मना त्या कुत्र्याचंच पडलंय."

किंवा, "घोड्यांची वाचतोय. लढाई सुरू व्हायच्या आधी सरदार दोन पानं भाषण करतोय. तेवढा टाइम घोडी काय करत होती? एक घोडं न्हाय हललं. आमच्या शेजारचा बैल दोन मिनिटं न्हाय उभा राहायचा."

एकदा मिठागरावरची एक कादंबरी मिळाली. मला वाटलं ही त्यांना आवडेल. पहिल्याच दिवशी भडकले. "मोत्यासारखं मीठ चमकतंय म्हणतोय. मिठात उभं राहून पायाला भेगा पडतात, त्यात परत मीठ जातं, ते कुठंय? चमकतंय ते लांबून." तिसऱ्या दिवशी मात्र बायकोला म्हणाले, "त्यातली म्हातारी खरी हाय हां. तिला शिव्या येतात." चुकीचं सापडलं म्हणून पुस्तक टाकायचं नाही आणि खरं सापडलं म्हणून माफ करायचं नाही, असा त्यांचा हिशेब. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. मला ते जमत नाही.

बायको हसायची. तिचं ते हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. आत पडल्या पडल्या मला ते टोचायचं. संशयाचा प्रश्न नव्हता. ती त्यांना दादा म्हणायची, ते तिला वहिनी म्हणायचे आणि सगळी बिल्डिंग त्या जिन्यातून ये-जा करायची. संशय असता तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी मी एक क्षुद्रपणा केला. माझ्याकडे एक अवघड कादंबरी आहे. काळाची उलटापालट, कोण बोलतंय कळत नाही, चार-चार पानांची वाक्यं. तिच्यावर मी लेख लिहिलेला आहे. ती मी पुरी वाचलेली नाही, हे आज पहिल्यांदा सांगतोय. ती मी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "ही बघा जमते का."

नऊ दिवसांनी घेऊन आले. "सर, एक विचारायचं होतं. एकशे दहाव्या पानावर आजी मरते आणि एकशे चाळिसाव्या पानावर पापड लाटते. छापताना घोळ झालाय काय?"

"नाही, नाही. तो काळाचा प्रयोग आहे."

"असंल. मना वाटलं, नातवाला आठवण येतेय. मेलेलं माणूस मरताना न्हाय आठवत, पापड लाटतानाच आठवतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला काय वाटलं?"

मी शंभराव्या पानापाशी सोडली होती. "तेच," मी म्हणालो.

बायको चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. तिला कळलं असेल का, ते मी कधी विचारलं नाही.

मग ती "आईला शोधतो"वाली आली. त्या वर्षी ती फार गाजत होती. मोठ्या पगाराची नोकरी सोडून एक माणूस गावी जातो, लहानपणी हरवलेली आई शोधत पाचशे पानं हिंडतो. माझाही लेख अर्धा लिहून झाला होता. मातृशोध, मुळं, असं बरंच काही होतं त्यात. दुपारी बाहेरून आवाज आला.

"वहिनी, पाचशे पानं झाली. हा माणूस मावशीकडं जेवला, आत्याकडं जेवला, शेजारणीकडं जेवला. एकदा पण आपलं ताट उचललं न्हाय. आणि म्हणतो आईला शोधतोय."

मी उठून बसलो. पेन घेतलं. लेखाची पहिली दोन पानं फाडली आणि नव्यानं सुरुवात केली. "पाचशे पानं आई शोधत हिंडणारा हा नायक एकदाही स्वतःचं जेवलेलं ताट उचलत नाही." त्या एका वाक्यावरून पुढचा सगळा लेख आपोआप उलगडत गेला. असा लेख मी आजवर दुसरा लिहिलेला नाही.

अंक निघाला आणि पुण्याहून एका ज्येष्ठ समीक्षकांचा फोन आला. वीस वर्षं मी त्यांना अंक पाठवत होतो, त्यांनी कधी पोच दिली नव्हती. म्हणाले, "ते ताटाचं वाक्य! अहो, काय नजर आहे तुमची." मी म्हणालो, "सुचलं खरं." किती सहज म्हणालो.

दोन दिवसांनी घरमालक जिना चढून आले, हातात अंक. त्यांना कुणी दिला कोण जाणे. खूश होते. बायकोला म्हणाले, "वहिनी, बघा! सरांना पण सेम तेच वाटलं. मना वाटायचं आपण येडपटासारखं वाचतो. सर शिकलेले, त्यांना पण ताटच दिसलं!" मग अंक तिच्या हातात देऊन गेले.

ते मनापासून बोलले की मला वाचवायला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मी लहानच ठरतो.

बायकोनं तो लेख वाचला. माझा तिनं वाचलेला पहिला लेख. डायनिंग टेबलावर बसून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. मी समोर जेवत होतो. अंक मिटून ती म्हणाली, "हे दादांचं वाक्य ना?"

माझं जेवण झालं होतं. ती उठली आणि माझं ताट उचलून बेसिनपाशी घेऊन गेली.

यानंतर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. उलट मला वाटायला लागलं की यांना एकदा दाखवायलाच हवं. मी अकरा वर्षं एक कादंबरी लिहीत होतो. चारशे वीस पानं. मी ती कुणालाही दाखवली नव्हती, बायकोलाही नाही. प्रकाशकाकडे पाठवायच्या आधी मी तिची एक प्रत काढली आणि घरमालकांना दिली. मनात असं होतं की हा माणूस वाचेल, गप्प होईल, आणि जिन्यात बायकोला सांगेल की सरांचं काम वेगळंच हाय. मला त्यांचं मत नको होतं. मला तेवढं एक वाक्य हवं होतं, तिला ऐकू जाईल असं.

तीन आठवडे ते काही बोलले नाहीत. खुर्ची टाकून माझीच पानं वाचताना मला फटीतून दिसायचे. हातात जुनं पावतीपुस्तक, त्याचे कागद खूण म्हणून ठेवायची सवय. एक दिवस तर पानं मांडीवर ठेवून जाळीतून नुसते बाहेर बघत बसले होते, तासभर. बायको चहा घेऊन गेली, तर त्यांनी घेतलाही नाही. मला वाटलं, लागलं. बरोबर जागी लागलं.

मग एका संध्याकाळी ते प्रत घेऊन आत आले. बायकोनं पाणी दिलं. ते पाणी पिऊन बराच वेळ ग्लास धरून बसले.

"कशी वाटली?" मीच विचारलं.

"भाषा चांगली हाय, सर. एक पण शब्द वाकडा न्हाय."

"आणि?"

"ती धुणंवाली, सुरुवातीला येते दोन ओळी. ती मना आवडली. परत न्हाय आली."

"ती महत्त्वाची नाहीये. पुढं?"

ते अवघडले. बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग सावकाश म्हणाले, "तुमची माणसं तुमच्यासमोर नीट बसलेली असतात, सर. वर्गात बसतात तशी. सर बाहेर गेल्यावर ती काय करतात, तेवढं लिवलंत की झालं."

ते बरोबर बोलले होते, हे मला त्याच क्षणी कळलं. अकरा वर्षं मला जे कळत नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. आणि मी म्हणालो, "तुम्ही सातवी पास. कादंबरी म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवणार? काट्यावर बसून वाचलेल्या रद्दीवर?"

माझा आवाज चढला होता. दार उघडं होतं. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबलेली मला दिसली.

ते उठले. ग्लास स्वतः आत नेऊन ठेवला. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. दारात चप्पल पायात सरकवताना पुन्हा म्हणाले, "बरोबर हाय."

मी कागद गोळा करत होतो. मग बायकोनं विचारलं, "तिसऱ्या प्रकरणात तुमचं मूल मरतं ना? त्या गोष्टीतलं?"

"तू वाचलीस?"

"नाही. दादांच्या तोंडावरून कळलं. त्या दिवशी चहा घेतला नाही त्यांनी. त्यांना पहिला मुलगा होता. चार वर्षांचा. मिठागराच्या पाण्यात गेला. आपण इथं आल्यावर महिन्याभरात मला सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही विचारलंच नाही कधी, एवढं पोर मरतं, पोर मरतं का लिहितात ते. अशी गोष्ट ते पुढं वाचत नाहीत. कुणाचीच नाही. तुमची वाचली. शेवटपर्यंत वाचली."

माझ्या कादंबरीत ते मूल तापानं मरतं. मला नायकाला शहरात आणायचं होतं, त्यासाठी गावातलं काहीतरी तोडायला हवं होतं. सोयीचं होतं म्हणून मारलं होतं मी ते.

दुसऱ्या दिवसापासून चारला खुर्ची वर आली नाही. बायको खाली जाऊन बोलावून आली. ते म्हणाले, गुडघे दुखतात. ती मग दवाखान्यातून येताना परस्पर खालीच थांबायला लागली. चार ते सहा घरात मी एकटा असायचो. माझ्या वाट्याला आता दाराआडून यायचा आवाजही नव्हता.

सात महिन्यांनी आमच्या नव्या घराचा ताबा मिळाला. सामान उतरत होतं तेव्हा ते आले आणि कुणी सांगितलं नसताना पुस्तकांचा एक खोका उचलून खाली नेला. टेम्पोपाशी मी त्यांना गाठलं. "त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"सर, चुकलं होतंच तुमचं," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "मी सातवी पास न्हाय. नापास हाय." आणि हसले. मला हसता आलं नाही. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "त्या धुणंवालीचं बघा कायतरी."

पुढं त्यांचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि ते तारोडीला मोठ्या बहिणीकडे राहायला गेले. हे मला बायकोकडून कळलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सकाळी आवरून भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडची बस धरायची. "दादांकडे जाऊन येते," एवढंच सांगायची. चल म्हणाली नाही. मीही येतो म्हणालो नाही. पिशवीत दोन-तीन पुस्तकं असायची. आता रद्दीवाल्याकडे तीच जात होती. संध्याकाळी परतली की चेहरा उजळलेला असायचा, आणि घरात शिरून चप्पल काढेपर्यंत तो नेहमीसारखा झालेला असायचा. ते मी बघायचो.

वर्षभर असं चाललं. मग एका रविवारी ती गेल्यावर मी पेपर चाळला, टीव्ही लावला, बंद केला, आणि पुढच्या बसनं निघालो.

तारोडीत घर शोधायला वेळ लागला नाही. वाचणारे काका कुठे राहतात विचारलं तर पोरांनी बोट दाखवलं. कौलारू घर, पुढे सारवलेला ओटा, कुंपणाला जास्वंद. ओट्यावर त्यांची बहीण वालाच्या शेंगा सोलत होती. ते भिंतीला टेकून बसले होते, जरा वाळलेले, तीच अर्धी चड्डी. बायको पायरीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी कुंपणापाशीच थांबलो. दाराआड उभं राहायची सवय.

ती बोलत होती. त्याच महिन्यात मी ज्या कादंबरीवर लिहिलं होतं तिच्याचविषयी बोलत होती. एका मोठ्या कुटुंबातली सून, आयुष्यभर अबोल. मी त्या मौनावर दोन पानं लिहिली होती. मौनाची ताकद, मौनाचं सौंदर्य.

"सगळे म्हणतात ती शांत आहे," बायको सांगत होती. "नवरा म्हणतो, सासू म्हणते, लेखक पण म्हणतोय. ती शांत नाहीये हो, दादा. तिला कुणी काही विचारलंच नाहीये. दोनशे साठ पानांत एक माणूस तिला प्रश्न विचारत नाही. मी सगळं परत बघितलं. एकजण विचारतो, तो रॉकेलवाला. बाई, किती देऊ? आणि ती काय खुलते तेव्हा! त्याला सांगत बसते, कंदिलाची काच कशी फुटली..."

"मग?" घरमालक म्हणाले.

"मग त्याला उशीर होतो ना, तो जातो."

बहीण शेंग हातात धरून थांबली होती. "अरारा," म्हणाली.

बायको बोलतच राहिली. हात करून बोलत होती, मध्येच त्या सासूची नक्कल केली, तिघंही हसले. एवढा वेळ घरमालकांचं फक्त "मग?" आणि "आणि?" चाललं होतं. मला खारीगावातल्या त्या दुपारी आठवल्या. दाराआड पडून मी सगळं ऐकतोय असं मला वाटायचं. मी ऐकत होतो ते फक्त त्यांचं बोलणं, कारण हेवा त्यांचा होता. निम्मं बोलणं तिचं असणार. त्यातलं एक वाक्य मला आठवेना.

त्यांचं लक्ष गेलं. "अरे, सर! या, या. बाय, खुर्ची आण गो."

बायकोनं वळून बघितलं आणि बोलायची थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. मी ओट्यावर चढलो, खुर्चीवर बसलो. बहिणीनं पाणी दिलं.

"वहिनी, पुढं?" ते म्हणाले.

"काही नाही. संपलं."

त्या कादंबरीवर माझ्याकडे तयार उत्तर होतं. ते अगदी ओठापर्यंत आलं होतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "तिला कुणी काय विचारायला हवं होतं?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. चूक शोधायला विचारतोय का, हे ती चाचपत होती. "खरंच विचारताय?"

"हो."

"मी लांबड लावीन हां."

"लाव."

तिनं पदर सारखा केला आणि सांगायला लागली. बसची वेळ होईपर्यंत सांगत होती. मी एकदाही मध्ये बोललो नाही. मात्र सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सगळं त्यांच्याकडे बघून सांगत होती.